‘दीड हजारात मत विकलं’ म्हणणाऱ्यांना

2024 सरताना एक वाक्य व्हॉट्सॲपवर गटागटांतून फिरत होतं. वर्षाचा आढावा घेणारे जाणते लोकही तेच म्हणत होते : ‘जूनपर्यंत महाराष्ट्र स्वाभिमानी होता, नोव्हेंबरात बायकांनी दीड हजारात मत विकलं.’ जूनच्या लोकसभा निकालात राज्यात महाविकास आघाडी पुढे होती, नोव्हेंबरात विधानसभा सत्तेतल्या महायुतीने जिंकली; आणि दीड हजार म्हणजे सरकारच्या लाडकी बहीण योजनेतून महिलांच्या खात्यावर दरमहा येणारे पैसे. निवडणुकांवर लिहिणारा म्हणून मला ते वाक्य पटत नाही, आणि त्याचा संतापही येतो.

‘विकलं’ म्हणता, तर विकणारा जादा भाव देणाऱ्याकडे जातो. महायुती दरमहा 2100 रुपये देऊ म्हणत होती, महाविकास आघाडी 3000. तरी आघाडीचे तिन्ही मोठे पक्ष मिळून जागांची पन्नाशीही गाठू शकले नाहीत. ऑगस्टपासून ज्याचे पैसे खात्यावर येत होते त्याच्यावर बाईने भरवसा ठेवला असेल, तर तो व्यवहारी निर्णय झाला.

शिवाय पैसे वाटले की सत्ता मिळते, हेही खरं नाही. त्याच वर्षी आंध्रात जगन मोहन रेड्डींचा पक्ष 175 पैकी 11 जागांवर आला. आयांच्या खात्यावर थेट पैसे टाकणारं सरकार होतं ते. तेलंगणात शेतकऱ्यांना रयतू बंधू योजनेचे पैसे देऊनही तेव्हाचे मुख्यमंत्री केसीआर 2023 मध्ये हरले.

‘बायकांनीच’ हे कशावरून? यंत्रात बाईचं मत वेगळं मोजत नाहीत. महिलांचं मतदान 2019 च्या सुमारे 59 टक्क्यांवरून 65 वर गेलं हे खरं, पण पुरुषांचंही 63 वरून 67 च्या घरात गेलं.

आणि जूनचा तो स्वाभिमान? लोकसभेला आघाडीच्या 30 विरुद्ध महायुतीच्या 17 जागा दिसल्या, पण मतांतलं अंतर फार तर एखाद्या टक्क्याचं होतं. राज्य तेव्हाच निम्मं निम्मं वाटलं गेलं होतं. पुढे आघाडीचं जागावाटप अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसांपर्यंत रेंगाळलं. सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये असताना बाजारात त्याहून कमी मिळत होते, तो राग मतांपर्यंत नेणं आघाडीला जमलं नाही. हे बायकांच्या माथी का मारायचं?

लोकसभेत मार बसल्यावर, 28 जूनला लाडकी बहीण योजना जाहीर करण्यामागे निवडणूक होती, यात मला शंका नाही. त्याचा जाब सरकारला विचारा, मीही विचारतो.

पण पीएम किसानचे वर्षाला 6000 आणि राज्याचे वर 6000 शेतकऱ्याला मिळतात, तेव्हा ‘शेतकऱ्याने मत विकलं’ असं मी यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. म्हणूही नये, तो त्याचा हक्क आहे. सातबाऱ्यावर नाव बहुतेक घरांत पुरुषाचं असतं, म्हणून ते पैसे त्याच्या खात्यावर जातात. त्याच रानात खुरपणारी त्याची बायको दिवसाला पन्नास रुपये स्वतःच्या नावावर घेते, तेव्हाच ती विकाऊ कशी ठरते?