कौतुकाच्या हिशेबाबद्दल: एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया तीव्र आहे, पण तिच्यातील एकही वाक्य मोघम नाही, म्हणून तिला दोन ओळींत उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे: गेल्या वर्षभरात मी लिहिलेल्या चोवीस परीक्षणांपैकी प्रतिकूल म्हणावीत अशी केवळ दोन आहेत, ‘मेगालोपोलिस’सारख्या उघड फसलेल्या चित्रपटातही मी गुण शोधत बसतो, ‘परफेक्ट डेज’बद्दल लिहिताना तर मी इतका भारावलो की प्रश्न विचारायचेच विसरलो, ज्याला सगळेच आवडते त्याच्या आवडीला किंमत उरत नाही, आणि अशा परीक्षणावर विसंबून तिकीट काढणाऱ्याची त्यात फसवणूक होते.

आकड्याचा मुद्दा लवकर आटोपतो. वृत्तपत्रात नेमणुकीने लिहिणाऱ्या समीक्षकाला त्या आठवड्यात जे प्रदर्शित होईल ते पाहावे लागते आणि त्यावर लिहावेही लागते. माझ्यावर तशी सक्ती नाही. जे पाहावेसे वाटते ते मी पाहतो आणि त्यातल्याही ज्या चित्रपटाने मनात काही हलवले त्याबद्दलच लिहितो. त्या चोवीस परीक्षणांच्या मागे ज्यांवर मी एक अक्षरही लिहिले नाही असे कितीतरी चित्रपट आहेत, आणि माझी नापसंती बहुतांशी त्या मौनात आहे. वाचकाला हे कधी स्पष्ट सांगितले नाही, ही माझी चूक झाली. ते मौन आपल्याला दिसणार तरी कसे?

खरा प्रश्न पुढचा आहे. उदार समीक्षा म्हणजे सैल समीक्षा, असे आपण गृहीत धरले आहे. ‘काइये द्यू सिनेमा’ हे फ्रेंच मासिक 1951 साली सुरू झाले. त्याच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या आंद्रे बाझां यांनी 1957 मधील एका लेखात मासिकाची पद्धत सांगितली आहे: एखाद्या चित्रपटाचे परीक्षण शक्यतो त्याच्या बाजूने सर्वांत जास्त सांगण्यासारखे ज्याच्याजवळ असेल त्याच्याकडे सोपवायचे. तिला सौंदर्यस्थळांची समीक्षा म्हणत. पण याच मासिकात 1954 साली फ्रांस्वा त्रुफो या तरुणाने त्या काळच्या प्रतिष्ठित फ्रेंच चित्रपटांवर असा कठोर लेख लिहिला, की त्याची धग पुढे कितीतरी वर्षे जाणवत राहिली. म्हणजे कौतुकाची रीत पाळणारी ही मंडळी मवाळ नव्हती. त्यांची धारणा एवढीच होती की चित्रपट ज्याला भिडला आहे तोच त्याच्या आत शिरून बोलू शकतो, आणि बाहेर उभे राहून केलेली मोजदाद अचूक असली तरी ती बाहेरचीच असते.

हा विचार आपल्याला परका नाही. आपल्या काव्यशास्त्राने रसिकाला ‘सहृदय’ म्हटले आणि अभिनवगुप्ताने त्या शब्दाचा अर्थ फार काटेकोरपणे सांगितला: काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि म्हणून जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. या व्याख्येत तन्मयता शेवटी येते, अभ्यास आधी. आज आपण ‘सहृदय’ हा शब्द ‘कनवाळू’ याच अर्थाने वापरतो आणि मग सहृदय समीक्षकाला कनवाळू समजून त्याच्यावर रागावतो. मला कनवाळू व्हायचे नाही. दिग्दर्शकावर दया दाखवण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही, आणि त्याला माझ्या दयेची गरजही नाही.

आता ‘मेगालोपोलिस’. ‘द गॉडफादर’चे दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी हा चित्रपट अनेक दशके मनात बाळगला आणि अखेर स्वतःच्या पैशाने, सुमारे 12 कोटी डॉलर घालून, पूर्ण केला. 2024 च्या कान महोत्सवात तो दाखवला गेला, तेव्हा मध्येच एक माणूस प्रत्यक्ष पडद्यासमोर येऊन पडद्यावरच्या नायकाला प्रश्न विचारत असे. चित्रपटातील संवाद अनेकदा भाषणांसारखे आहेत, स्त्री पात्रे पातळ आहेत आणि उत्तरार्धात कथेचे धागे सुटत जातात. हे सगळे मी लिहिले होते, पण ते लेखाच्या तळाशी, घाईने. वर मात्र काळ थांबवू शकणारा वास्तुरचनाकार आणि कोसळत्या नगराची ती सोनेरी दृश्ये यांवर मी चार परिच्छेद खर्च केले. त्या चार परिच्छेदांबद्दल मला पश्चात्ताप नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात इतका मोठा धोका पत्करणाऱ्या कलावंताने नेमके काय करू पाहिले, हे समजून घेण्याइतका वेळ त्याला देणे मला आवश्यक वाटते.

पश्चात्ताप आहे तो एका वाक्याचा. ‘काळ या चित्रपटाला न्याय देईल,’ असे मी लिहिले होते, आणि त्यासाठी ब्रिटिश दिग्दर्शक मायकेल पॉवेल यांच्या ‘पीपिंग टॉम’ या चित्रपटाचा दाखला दिला होता. 1960 साली ब्रिटिश समीक्षकांनी तो चित्रपट अक्षरशः तुडवला, त्या हल्ल्यानंतर पॉवेल यांना मायदेशात पुन्हा उभे राहणे फार कठीण गेले, आणि आज त्याच चित्रपटाला मानाचे स्थान आहे. दाखला खरा आहे, पण मी त्याचा उपयोग चुकीचा केला. एक चित्रपट नाकारला गेला आणि पुढे थोर ठरला, एवढ्यावरून नाकारला गेलेला प्रत्येक चित्रपट थोर ठरेल असे निघत नाही. नाकारले गेलेले बहुतेक चित्रपट विसरलेच जातात, आणि त्यातले अनेक योग्य कारणाने. या युक्तिवादाचा मोह किती घातक असतो हे खुद्द ‘मेगालोपोलिस’च्या बाबतीतच दिसले. ऑगस्ट 2024 मध्ये त्याच्या झलकीत (ट्रेलरमध्ये) कपोलांच्या जुन्या चित्रपटांना नामवंत समीक्षकांनी कसे झिडकारले होते हे दाखवणारी अवतरणे झळकली, आणि ती बनावट निघाल्यामुळे वितरकांना ती झलक मागे घ्यावी लागली. त्यात अमेरिकन समीक्षक पॉलीन केल यांच्या नावावर ‘द गॉडफादर’ची निंदा घातली होती, वास्तविक 1972 साली केल यांनी त्या चित्रपटाची मनापासून स्तुती केली होती. समीक्षक नेहमी चुकतात आणि काळ नेहमी बरोबर असतो, ही गोष्ट ऐकायला इतकी गोड आहे की तिच्यासाठी पुरावे रचले गेले. मी पुरावा रचला नाही, पण त्याच गोड गोष्टीचा आधार घेतला. तो घ्यायला नको होता. चित्रपटात जे आहे ते आज दाखवता येत नसेल, तर भविष्याला साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही.

‘परफेक्ट डेज’बद्दलची आपली टीका मला सर्वांत जास्त लागली, कारण ती सर्वांत नेमकी आहे. टोकियोतील सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करणाऱ्या हिरायामाच्या दिनक्रमावर मी लिहिले: पहाटे रस्ता झाडल्याचा आवाज, गाडीतल्या जुन्या कॅसेट, झाडांची छायाचित्रे, आणि जिथे कोणाची नजर जाणार नाही अशी जागाही छोटा आरसा धरून तपासण्याची त्याची सवय. श्रमाची प्रतिष्ठा, असे मी त्याला म्हटले. आपण विचारले आहे की त्या स्वच्छतागृहांत घाण कुठे आहे. हा प्रश्न मला पडायला हवा होता, कारण त्याचे उत्तर मला ठाऊक होते. ती स्वच्छतागृहे नामांकित वास्तुरचनाकारांनी एका शहरी प्रकल्पासाठी घडवलेली आहेत, आणि चित्रपटाचे दिग्दर्शक विम वेंडर्स यांना मुळात त्या प्रकल्पावर लघुपट करण्यासाठी बोलावण्यात आले होते. त्यातून हा 2023 चा कथापट उभा राहिला. हे माहीत असताना त्या कामाच्या देखणेपणावर लिहायचे आणि देखणेपणाचे हे मूळ सांगायचे नाही, हा उदारपणा नव्हे. मी अर्ध्यावर थांबलो होतो. शिवाय हिरायामाची बहीण चालक असलेल्या मोटारीतून येते, तेव्हा त्याने एक सधन घर मागे सोडले असावे हे सुचते. त्याची साधी राहणी ही निवड असू शकते, आणि ज्याला निवडच नसते त्याच्या साधेपणाशी तिची बरोबरी होत नाही. हेही मी लिहायला हवे होते.

पण याच चित्रपटात आपल्या नजरेतून सुटलेला एक प्रसंग आहे. तरुण सहकारी काम सोडून जातो, त्याच्या वाटची पाळीही हिरायामावर पडते, त्या दिवशी झाडे नाहीत आणि छायाचित्रेही नाहीत, आणि रात्री तो कार्यालयात फोन करून रागाने बजावतो की हे रोज जमणार नाही, माणूस पाठवा. ज्या शांततेला आपण दिखाऊ म्हणता ती किती तासांच्या कामावर टिकते आणि किती तासांनंतर मोडते, हे चित्रपट स्वतःच दाखवतो. फक्त दोष शोधणाऱ्याला हा प्रसंग दिसत नाही, आणि फक्त भारावलेल्या मलाही पहिल्या वेळी त्याचे महत्त्व कळले नाही.

तिकिटाच्या पैशाबद्दल मी आपल्याशी अर्धा सहमत आहे. मी दिलेले तारे ही मोठी गैरसमजाची जागा आहे. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट म्हणत असत की तारे सापेक्ष असतात, म्हणजे एखादा साहसपट चांगला का हे विचारणारा त्याची तुलना इतर साहसपटांशी करत असतो, एखाद्या गंभीर शोकांतिकेशी नव्हे. विचार पटण्यासारखा आहे, तरी ताऱ्यांच्या ओळीत ही सापेक्षता दिसत नाही. म्हणून यापुढे मी तारे देणार नाही. परीक्षण अनुकूल असले तरी ते वाचून ‘हा चित्रपट माझ्यासाठी नाही’ असे एखाद्याला नक्की ठरवता आले पाहिजे, इतके वर्णन त्यात असावे, असा माझा प्रयत्न राहील. ‘मेगालोपोलिस’च्या परीक्षणात मी ‘चुकवू नये असा’ असे लिहिले होते, ते शब्द आता काढले आहेत. 138 मिनिटे कोणी कुठे घालवावीत हे ठरवणे माझे काम नव्हते. ‘परफेक्ट डेज’च्या परीक्षणात प्रकल्पाविषयीचा आणि बहिणीच्या प्रसंगाविषयीचा परिच्छेद जोडला आहे, आणि तो आपल्या प्रश्नामुळे सुचला हेही तिथे नोंदवले आहे.

एका बाबतीत मात्र मी जागचा हललेलो नाही. शेवटच्या दृश्यात हिरायामा गाडी चालवतो, गायिका निना सिमोन यांचे गाणे लागलेले असते आणि कॅमेरा बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. आपण त्याला ‘तृप्तीची जाहिरात’ म्हटले आहे. मी ते दृश्य कालच पुन्हा पाहिले. हिरायामा साकारणाऱ्या कोजी याकुशो यांच्या चेहऱ्यावर हसू येते, ते ओठांवर असतानाच डोळे भरतात, पुन्हा हसू येते, आणि यातले कोणते खरे हे ठरण्याआधीच चित्रपट संपतो.