आत्तीचा उतारा

गेल्या मंगळवारी आत्तीला घेऊन कचेरीत गेलो होतो. आतोबा जाऊन दीड वर्ष झालं, भाताची दोन एकर जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. वारस नोंदीचं काम. काउंटरवरून उताऱ्याची प्रत मिळाली, सगळी कन्नडमध्ये. आत्तीनं ती डोळ्यांजवळ धरली, उलटून मागचं कोरं पान बघितलं आणि माझ्या हातात देत म्हणाली, "ह्यात तुझ्या आतोबांचं नाव कुठं आलंय ते दाखव की रे."

आत्ती अडाणी नाही. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली, पेपर रोज वाचते. चाळीस वर्षं त्या शेतात तिनं चिखलात उभं राहून रोप लावलंय. पण ते शेत आपलं आहे हे सांगणारा कागद तिला वाचता येत नाही. सासऱ्यांच्या ट्रंकेत मुंबई राज्याच्या वेळचे कागद आहेत, ते मराठीत आहेत, ती घडघडा वाचते. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि कागदाची भाषा बदलली. शेत जिथल्या तिथं राहिलं.

मला कन्नड येतं. माझ्या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं येतं, आणि त्याचा मला आनंदच आहे. माझं म्हणणं कन्नडविरुद्ध नाही. कन्नड वर राहू दे, खाली मराठीही द्या, एवढंच म्हणतोय.

नावांचा घोळ तर घरोघरी आहे. ज्ञानेश्वर हेच नाव घ्या. आपण इंग्रजीत 'डी'नं सुरू करतो, आधारवर तसंच असतं. कन्नड लिपीतून तेच नाव इंग्रजीत गेलं की 'जे'नं सुरू होतं. माणूस एक, कागदावर दोन. मग पिकाच्या नुकसानभरपाईसाठी फ्रूट्स आयडी, म्हणजे राज्य सरकारचा शेतकरी नोंदणी क्रमांक, काढताना नाव जुळत नाही, बँकेत जुळत नाही, आणि दोन्ही नावांचा माणूस एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करायला शेतकरी एक दिवसाची मजुरी बुडवून वकिलाकडे जातो. आमचंही तिथंच अडलंय.

डिसेंबरच्या सुमारास बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन आलं की आपल्याकडे काय बोललं जातं? हलग्याजवळ महामार्गावर पोलीस किती, रस्ते कुठले बंद, मराठी भाषकांच्या निषेधाच्या महामेळाव्याला परवानगी मिळाली का. हे अधिवेशन भरतं ती इमारत, सुवर्ण विधानसौध, २०१२ साली उभी राहिली. आत कुठलं विधेयक आलं, त्यातलं कुठलं कलम आपल्या घरात शिरणार, हे गल्लीत कोणी विचारत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या लढ्यात आमच्या घरातली माणसं तुरुंगात गेलीत, त्याबद्दल मी एक शब्द कमी बोलणार नाही. पण निकाल लागेपर्यंत आपण ह्याच सभागृहाच्या कायद्यांखाली जगतोय, मग ते कायदे वाचायला नकोत?

पाट्यांचंच बघा. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड, आणि तेही वरच्या अर्ध्या भागात. त्याचा अध्यादेश राज्यपालांनी परत पाठवला, सभागृहात आणा म्हणाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधेयक मंजूर झालं. म्हणजे मधे वेळ होता. सीमाभागातल्या छोट्या दुकानदाराला जुनी पाटी बदलायला मुदत द्या, मदत द्या, असं आपल्या आमदाराला लिहायला हवं होतं. मी स्वतः तो मसुदा वाचला नव्हता. माझ्या मावसभावाच्या दुकानाची, त्याच्या वडिलांनी हातानं रंगवून घेतलेली पाटी खाली उतरली तेव्हा मला त्यातलं कलम कळलं. ती पाटी आता गोदामात पोत्यांच्या मागं उभी आहे.

ह्याच सभागृहानं पैसा मंजूर केला म्हणून आत्ती जून २०२३ पासून बसनं फुकट तालुक्याला येते, दवाखान्याला पोरांची वाट बघत बसत नाही. गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार तिच्या स्वतःच्या खात्यात येतात. हे चांगलं झालं, आणि ते मोकळेपणानं म्हणायला हवं.

मला भीती आहे ती जमिनीची. २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातली ७९ अ आणि ७९ ब ही कलमं काढून टाकली. आता शेतकरी नसलेल्यालाही इथं शेतजमीन घेता येते. गावात मोटारी यायला लागल्यात, एजंट कागद घेऊन ओट्यावर बसतात, "मावशी, इथं अंगठा नाही, सही करा" म्हणतात. आत्ती सही करते, मराठीत, सुंदर अक्षरात. वर काय लिहिलंय ते तिला कोण वाचून दाखवणार? तोच एजंट?

आपण भीक मागत नाही आहोत. जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोकांची भाषा असेल तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही द्यावेत, हे देशपातळीवर ठरलेलं धोरण आहे. गाऱ्हाणं कुठल्याही वापरातल्या भाषेत मांडायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमात आहे. आमदाराला राज्याची भाषा, हिंदी किंवा इंग्रजी नीट येत नसेल तर अध्यक्षांच्या परवानगीनं मातृभाषेत बोलता येतं, ते २१० व्या कलमात आहे. म्हणून यंदा अधिवेशनाआधी तुमच्या आमदाराला, पक्ष कुठलाही असो, एकच प्रश्न लेखी द्या: उताऱ्याची मराठी प्रत कधीपासून मिळणार? सभागृहात विचारायला लावा. उत्तर छापील मिळतं, ते जपून ठेवा. मी माझं पत्र आत्तीच्या सहीनं देणार आहे, ती हो म्हणालीय.

सोमवारी परत कचेरीत बोलावलंय. प्रतिज्ञापत्र झालंय, आत्तीनं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवलंय. सकाळच्या बसनं येते म्हणाली.