सही करणार नाही म्हणजे नाही

काल सकाळी नऊला डीलरच्या आवारात पोचलो आणि दुपारी तीनला फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या बेडवर जोडून ओढायचं चाकांवरचं घर, न घेताच परत आलो. अजून डोकं शांत झालेलं नाही. नवरा म्हणतोय, झोप जरा. कशी झोपू?

पीडीआयला, म्हणजे ताबा देण्याआधीच्या तपासणीला, चार तास देऊ असं फोनवर कबूल केलं होतं, ईमेलमध्ये लिहूनही दिलं होतं. प्रत्यक्षात विशीतला एक पोरगा क्लिपबोर्ड घेऊन आला. हा टीव्हीचा रिमोट, हे फायरप्लेस, हे छताखालचे निळे दिवे, असं चाळीस मिनिटं फिरवलं आणि म्हणाला, इथे सही करा. अरे, मला निळे दिवे नकोत! खोली रुंद करणारी सरकती भिंत, ती स्लाइड, तीनदा आत-बाहेर करून दाखव. संडासाच्या टाकीचा, ब्लॅक टँकचा, व्हॉल्व्ह उघडून दाखव. गॅसच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून दाखव. तर म्हणे, ते आमच्या टेक्निशियनने केलंय. केल्याचा कागद दाखव म्हटलं, तर कागद नाही.

मग मी हट्टाने पाण्याचा होज जोडायला लावला. स्वयंपाकघरातल्या सिंकचे दोन्ही कप्पे काठोकाठ भरले आणि दोन्ही बुचं एकदम काढली. नळाखाली नुसता हात धुऊन काही कळत नाही, पाण्याचा लोंढा गेला तरच जोड बोलतो. खाली कपाटात टॉर्च धरून मी गुडघ्यावर बसले होते. पहिल्या दोन सेकंदांतच सिंकखालच्या वाकड्या पाइपच्या, ट्रॅपच्या, नटाभोवती पाण्याची गोल कडी दिसली आणि मग धारच लागली. मी नटाला हात लावला तर तो बोटाने फिरला. पाना नाही, जोर नाही, अंगठा आणि तर्जनीने अख्खा एक आटा फिरला! कारखान्यात कोणी तो आवळलाच नव्हता. त्यानंतर गाडी डीलरकडे आली, यांनी 'तपासली', आणि तेव्हाही कोणी आवळला नाही.

एवढ्यावर भागलं नाही. ते दोन सिंक पाणी गेलं कुठे? कपाटाच्या तळाला पाइपसाठी भोक पाडलेलं, पाइपच्या तिप्पट मोठं, कडा कुरतडल्यासारख्या, आत अजून लाकडाचा भुसा पडलेला. सगळं पाणी त्या भोकातून खाली. मी बाहेर येऊन गाडीखाली वाकले आणि पोटाच्या काळ्या प्लास्टिक शीटला हात लावला. ती शीट ओथंबली होती. दाबली की आत पाणी हेलकावे खात होतं. वर इन्सुलेशन, त्याच्या वर लाकडी फ्लोअर. महिनाभर हे असंच राहिलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. त्या पोराने काय केलं? पेपर टॉवेल आणून कपाटातलं दिसणारं पाणी पुसलं आणि 'ऑल गुड' म्हणाला.

मॅनेजरला बोलावलं. तो आला, माझ्याकडे न बघता नवऱ्याशी हस्तांदोलन केलं आणि मग मला म्हणाला, 'यंग लेडी, हे चाकांवरचं घर आहे, थोडंफार असायचंच. सगळ्यांच्याच गाड्यांत असतं. आज सही करा, सर्व्हिसवाले बघतील.' सर्व्हिसची तारीख कधीची? सहा आठवड्यांनंतरची.

तळपायाची आग मस्तकात गेली. त्रेसष्ट वर्षांची आहे मी, यंग लेडी काय म्हणतोस? आणि 'सगळ्यांचंच असतं' हे कारण झालं का? भोसरीच्या एमआयडीसीत इन्स्पेक्शनला होते, तेव्हा दोन रुपयांचा बुशिंग माप तपासायच्या गो-नोगो गेजला अडकला तर अख्ख्या क्रेटला लाल टॅग लागायचा. नंतर इथे ओहायोत 27 वर्षं गाड्यांच्या पार्ट्सची क्वालिटी बघितली. पार्ट चुकला तर रात्री अकराला फोन यायचे. आणि इथे ऐंशी हजार डॉलरच्या घराचा नट आवळलेला नाही तर मी समजून घ्यायचं? आपण साधा माठ घेताना दहा ठिकाणी वाजवून घेतो. आई तांबट आळीत कळशी घ्यायला गेली की पाणी भरून दुकानाच्या पायरीवर ठेवायची, खाली ओल दिसली की सरळ परत. दुकानदार निमूट दुसरी काढून द्यायचा. 'कळशी म्हटली की गळायचीच' असं त्याने ऐकवलं असतं, तर आईने त्याचं दुकान डोक्यावर घेतलं असतं.

छतावर तर चढूच दिलं नाही. इन्शुरन्सचं कारण. म्हणजे व्हेंटभोवतीचं सीलंट, कडेच्या पट्ट्या, काही बघायचं नाही, आणि वर्षाने बेडरूमच्या कोपऱ्यात पिवळा डाग आला की हेच सांगणार, तुम्ही वेळेवर सीलंट तपासलं नाहीत, मेंटेनन्स तुमचा. मी मागच्या शिडीवरून चार पायऱ्या चढून डोकावले तेवढ्यात खालून ओरडा सुरू. तरी दिसलंच. स्कायलाइटच्या एका कोपऱ्याला सीलंट नुसतं टेकलेलं, चिकटलेलं नाही.

टायरांचं वेगळंच. गाडी नवी म्हणून विकतात. मी चारही टायरांचे डीओटी कोड वाचले. तीन 3324, म्हणजे 2024 च्या तेहतिसाव्या आठवड्यात बनलेले, आणि एक 0922. बाकीच्यांपेक्षा जवळपास अडीच वर्षं जुना टायर एका बाजूला कसा आला? पोरगा म्हणाला, मला माहीत नाही. मॅनेजर म्हणाला, ट्रेड, म्हणजे टायरची नक्षी, चांगलं आहे ना! ट्रेलरचा टायर ट्रेड झिजून नाही, वयाने आणि वजनाने फुटतो, हे यांना कळत नाही की आपल्याला कळू द्यायचं नाही?

मागच्या महिन्यातला तो सेल्समन! तुमचा ट्रक अठरा हजार पाउंड ओढतो, ही चौदा हजारांचीच आहे, आरामात जाईल, असं छातीठोक सांगत होता. ओढायचं कोणी विचारलंय? फिफ्थ व्हीलचं पंधरा ते पंचवीस टक्के वजन जोडणीच्या पिनवरून थेट ट्रकच्या बेडवर बसतं. चौदा हजारांचे वीस टक्के धरले तरी अठ्ठावीसशे. त्यात बेडमधली जोडणी, म्हणजे हिच, आम्ही दोघं, सामान. आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरकडच्या दारावरच्या स्टिकरवर पेलोड, म्हणजे ट्रकने अंगावर वाहायचं वजन, चोवीसशे आहे. ते स्टिकर मी दाखवलं तेव्हा तो नवऱ्याला म्हणाला, 'सर, तुम्ही काळजी करू नका.' ट्रक मी चालवते! इतक्या वर्षांत हे बदलत नाही. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर नवऱ्याला मिळायचं. त्या दिवशीच मी हलकं मॉडेल धरलं, तेच हे.

आणि वॉरंटी! सोळा पानं वाचून काढली. एक वर्ष, आणि 'पूर्णवेळ राहण्यासाठी वापरल्यास लागू नाही.' आम्ही घर विकून वर्षातले नऊ महिने हिच्यात काढणार आहोत, हे पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. तेव्हा कोणी ब्र काढला नाही. उलट ब्रोशरवर पिकल्या केसांचं जोडपं तळ्याकाठी कॉफी पीत बसलंय. खटला भरायचा तर इंडियानातच, असंही त्यात लिहिलंय. ओहायोचा लेमन लॉ, म्हणजे सदोष नवी गाडी कंपनीला परत घ्यायला लावणारा कायदा, मोटारहोमच्या इंजिन-चाकांच्या बाजूला लागतो, ट्रेलरला लागत नाही. नवी कार घेणाऱ्याला त्या कायद्याचा आधार आहे, आमच्या हातात मात्र तो नाही.

इंडियानातलं एल्कहार्ट आमच्याकडून दोन तासांवर. देशातल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे अशी चाकांवरची घरं, त्या एका काउंटीत आणि आसपास बनतात. 2021 मध्ये या धंद्याने सहा लाख गाड्या बाहेर काढल्या. तेव्हा मागणी होती, घाई होती असं ऐकून घेतलं. आता मागणी निम्म्यावर आल्यानंतर तरी नट आवळायला वेळ मिळायला हवा होता. तिथे बऱ्याच ठिकाणी मजुरी नगावर मिळते, पहाटे सुरू करून जेवढ्या गाड्या लवकर संपतील तेवढी लवकर सुट्टी. त्या कामगारावर माझा राग नाही. त्याच्यामागे तपासणीला माणूस का उभा नाही, हा माझा प्रश्न आहे. तो माणूस ठेवायचा पैसा वाचवला आणि तपासणी आमच्या गळ्यात टाकली. आम्ही आमचा सर्टिफाइड इन्स्पेक्टर आणतो म्हटलं, तर आवारात परवानगी नाही. आधी पैसे भरा, गाडी बाहेर न्या, मग तपासा.

परत येताना गाडीत नवरा म्हणाला, 'जाऊ दे ना गं, एक नट तर आहे. आपण घरी आवळू.' चाळीस मैल मी त्याच्याशी बोलले नाही. हे 'जाऊ दे' मला लहानपणापासून सहन होत नाही. बिल्डरने बाल्कनीचा उतार उलटा दिला, जाऊ दे. रिक्षाचं मीटर पळतंय, जाऊ दे. सगळे जाऊ देतात म्हणून मॅनेजरला 'सगळ्यांचंच असतं' म्हणायची हिंमत होते. नंतर नवऱ्यालाही पटलं. रात्री बसून त्यानेच माझी यादी टाइप केली, एकवीस मुद्दे झाले.

निघताना वेटिंग रूममध्ये सत्तरीचं एक जोडपं बसलं होतं. बाईंच्या हातात किल्ल्या, सही झालेली. मी त्यांच्याजवळ गेले आणि एवढंच सांगितलं, आवारातून निघायच्या आधी सिंक भरून रिकामं करा आणि खाली टॉर्च लावून बघा. मॅनेजर काचेआडून बघत होता. बघू दे.

आज सकाळी डीलरचा फोन आला. नट आवळला, गाडी तयार आहे, शुक्रवारपर्यंत पैसे भरा, दुसरं गिऱ्हाइक उभं आहे. पोटातलं पाणी? 'ते वाळेल.' म्हणजे मी नाही घेतली तर ती ओली गाडी दुसऱ्या कुणा म्हाताऱ्यांच्या गळ्यात मारणार! मी सांगितलं, पोटाची शीट सोडा, ओलं इन्सुलेशन काढा, फ्लोअरला मॉइश्चर मीटर लावा आणि आकडा दिसेल असा फोटो पाठवा. चौथा टायर बदला. छतावर माझा इन्स्पेक्टर चढेल, त्याच्याकडे स्वतःचा इन्शुरन्स आहे. हे सगळं ईमेलमध्येही लिहिलंय, कलमवार.

संध्याकाळचे सात वाजलेत. फोटो आलेला नाही.