मॅडम, प्राध्यापकच हवा होता

नमस्कार मॅडम,

आमच्या भरती एजन्सीबद्दलचा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू तीनदा वाचला. ऑफिसातली मुलगी त्याखाली नेहमीचं ‘अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ टाकणार होती. तिला थांबवलं, कारण तुमचं निम्मं म्हणणं खरं आहे.

बाकीच्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. जाहिरातीत आम्ही ‘प्रोफेसर, इकॉलॉजी’ छापलं, आणि जागा निघाली अकरा महिन्यांच्या करारावरच्या असिस्टंट प्रोफेसरची. तुम्ही मुलाखतीला नागपूरहून रात्रभर प्रवास करून आलात, तर ऑगस्टच्या पावसात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, तीन तास उभं केलं. नंतर सहा आठवडे चकार शब्द नाही. वर तुमचा टोला: ‘यांना प्राध्यापक हवा होता की गाईड?’

पदनामाची चूक आमचीच. कॉलेजने पाठवलेला मजकूर न तपासता पुढे ढकलला. या दोन पदांत पगाराचा आणि अनुभवाचा केवढा फरक असतो, हे भरतीचाच धंदा करणाऱ्याने तरी विसरू नये. सहा आठवड्यांचं मौनही आमचंच. मॅनेजमेंटची बैठक पुढे पुढे जात राहिली आणि आम्ही ‘कळलं की कळवू’ म्हणत बसलो. एवढं सांगायला एक मेसेज पुरला असता. प्रवासाची तिकिटं पाठवा. कॉलेज देवो न देवो, ते पैसे आम्ही देऊ.

सड्याबद्दल मात्र माघार घेणार नाही.

जागा बी.एस्सी.च्या मुलांना शिकवण्याची आणि त्यांच्याकडून फील्डवर्क करून घेण्याची होती. शोधनिबंध, नेट-सेट या पात्रता परीक्षा, पीएच.डी. सगळ्यांच्याच फायलीत नीट लावलेलं असतं. त्यात इकॉलॉजीला बहुतेक कॉलेजांत स्वतःचा विभागच नाही. कोणी बॉटनीतून येतो, कोणी झूलॉजीतून, कोणी पर्यावरणशास्त्रातून. नेटचा विषय एक, पीएच.डी.चा दुसराच. (पर्यावरणाचा सक्तीचा पेपर तर ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात पडतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.) फाइल बघून शिक्षक कळत नाही. म्हणून आम्ही पाच मुलं, जमिनीवर ठेवून आतली झाडं मोजायची मीटरभर लांब-रुंद पीव्हीसी पाइपची चौकट आणि नोंदींचे हमखास भिजणारे तक्ते उमेदवाराच्या हाती देतो आणि बाजूला होतो.

चाळकेवाडी निवडायलाही कारण होतं. तिथल्या पवनचक्क्यांवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, म्हणून सरडे जास्त. पण ते अंगाने बारीक आणि धोका जवळ आला तरी चटकन न पळणारे. अन्नसाखळी शिकवायला याहून चांगला फळा कुठे मिळणार?

‘धुक्यात दहा फुटांपलीकडे दिसत नव्हतं,’ असं तुम्ही लिहिलंय. खरंय. सरडे बघायचे तर उन्हाळ्यात जायला हवं. पण गेंद आणि सीतेची आसवं ही सड्यावरची फुलं पायाशीच होती. आणि एका मुलाने साप शोधायला दगड उलटला, ते आठवतंय? तुम्ही बोलणं अर्ध्यावर सोडलंत, उकिडव्या बसलात, खालचा विंचू सगळ्यांना दाखवलात आणि दगड होता तसाच, त्याच खळग्यात, त्या मुलाला परत ठेवायला लावलात. तुमच्या आधीच्या उमेदवाराच्या वेळीही एक दगड उलटला होता. तो तसाच उताणा राहिला, व्याख्यान चालू राहिलं. मी दोन्ही वेळा छत्रीखालून बघत होतो. नुसता गाईड हवा असता तर साताऱ्यातच मिळाला असता, तोही तुमच्यापेक्षा जास्त फुलांची नावं पाठ असलेला.

आठवड्याला १६ तास शिकवून संशोधन कधी करायचं, हा तुमचा प्रश्न मात्र बिनतोड आहे. सडा जून ते ऑक्टोबर जागा असतो, म्हणजे अख्खं पहिलं सत्र. फील्डसाठी आठवड्यातला एक दिवस मोकळा द्याल का, असं आम्ही कॉलेजला विचारलं होतं. उत्तर आलं, ‘रविवार आहे की!’ हे तुम्हाला येण्याआधीच सांगायला हवं होतं. आता असा दिवस लेखी मिळाल्याशिवाय आम्ही इकॉलॉजीची जागा हातात घेत नाही. त्यापायी दोन कामं गेली. जाऊ देत.

निकालाचं चारचौघांत लिहिणं बरं नव्हे. उद्या सकाळी अकरा वाजता मी स्वतः फोन करतो, ऑफिसातून कोणी नाही. आणि तुमची छत्री आमच्या गाडीत राहिली आहे, काळी, मुठीला लाल दोरा बांधलेली. कुठल्या पत्त्यावर पाठवू तेवढं सांगा.