ज्येष्ठांना खोलीत बसवलं की झालं?

साथीची बातमी आली की एक संदेश फोनाफोनी फिरू लागतो : ‘घरातल्या ज्येष्ठांना एका खोलीत बसवा. साथ संपेपर्यंत कुणाला भेटू देऊ नका. नाहीतरी ते घरातच असतात, बोलायला फोन आहे. ताप आला तर डॉक्टरांना कळवा. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.’ पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे. कोविडमध्ये वयागणिक मृत्यूचा धोका झपाट्याने वाढत होता, यात वादच नाही. पण सांगितलेला उपाय घातक आहे.

‘नाहीतरी ते घरातच असतात.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. घरात असणारा माणूस दिवसभर उठबस करतो, जिना उतरतो, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. या वयात तोच त्याचा व्यायाम. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं जवळपास एक किलो मांस झडलं. त्यात मुख्यतः स्नायूच. खोलीत बसणं म्हणजे अंथरुणाला खिळणं नव्हे, हे मान्य. पण वाट तीच. आधी खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. मग रात्री न्हाणीघरात जाताना भिंत धरावी लागते. एके दिवशी भिंत हाताला लागत नाही, आणि खुब्याचं हाड मोडतं. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगते. साथ आली म्हणून शरीराची ही गरज संपत नाही. मोकळ्या हवेत, गर्दी नसताना चालण्यात बंद खोलीतल्या गप्पांपेक्षा कितीतरी कमी धोका असतो.

‘खोलीत बसवलं की सुरक्षित.’ विषाणू घरात आणतात ते बाहेर जाणारे. औषध द्यायला, अंघोळ घालायला तेच खोलीत जातात, आणि खिडकी बंद असेल तर हवा तिथेच कोंडते. त्यामुळे खिडकी उघडी ठेवणं, खोलीत जाताना मास्क लावणं आणि घरातल्या सगळ्यांनी लस घेणं हे आधी.

‘बोलायला फोन आहे.’ कमी ऐकू येणाऱ्याला विचारून पाहा. समोरचं चित्र अडखळतं, आवाज तुटतो, दोनदा ‘काय?’ विचारून झालं की तिसऱ्यांदा संकोच वाटतो. मग प्रत्येक प्रश्नाला ‘हो, हो, बरं आहे.’ आपण निर्धास्त होऊन फोन ठेवतो. ‘बरे आहात ना?’ऐवजी ‘आज सकाळपासून काय काय केलंत?’ असं विचारावं. निदान ऐकू गेलं की नाही ते तरी कळतं. उघड्या खिडकीबाहेर उभं राहून दहा मिनिटं बोलता आलं तर फारच उत्तम.

‘ताप आला तर कळवा.’ उतारवयात संसर्ग होऊनही अनेकांना ताप येत नाही. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, जेवण टाकणं, सारखी झोप, विनाकारण पडणं हेच पहिलं लक्षण असू शकतं. तापमापकावर विसंबून राहिलात तर मोलाचे दिवस हातचे जातात.

‘थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.’ कोविडची जागतिक आणीबाणी ३० जानेवारी २०२०ला जाहीर झाली आणि ५ मे २०२३ला संपली. सव्वातीन वर्षं! ऐंशीच्या माणसाला तेवढा काळ ‘नंतर बघू’ म्हणणं परवडत नाही. मोतीबिंदू, मधुमेह, रक्तदाब यांच्या तपासण्या तेवढा काळ थांबून राहत नाहीत.

आणि या संदेशात ज्येष्ठांना काय हवं, हे विचारायला कुठेच जागा नाही. कुणाला रोजचं फिरणं हवं असेल, त्यासाठी बाकीच्या भेटी सोडायची तयारी असेल. कुणाला फक्त नातवंडाला भेटायचं असेल, मास्क लावून, अंगणात का होईना. धोका समजावून सांगा, आणि निवड त्यांना करू द्या.