सोफ्यावरचं चित्र लहान का दिसतं: तुमच्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुमच्या अभिप्रायात तीन तक्रारी आहेत. दुकानात भरदार वाटलेलं चित्र घरी ‘भिंतीला तीट लावल्यासारखं’ दिसतं, २४ × १८ इंच सांगून फ्रेम २६ × २० ची आली, आणि पैसे परत द्यायला आम्ही नकार दिला. सोबत भिंतीचा फोटो टाकलात ते बरं झालं, त्यामुळे नेमकं बोलता येतं.

आधी मापाचं. २४ × १८ हे चित्राचं माप आहे आणि बिलावरही ‘चित्र’ याच रकान्यात ते लिहिलेलं आहे. तुम्ही निवडलेली फ्रेमची पट्टी सव्वा इंच रुंद आहे. तिच्या आतल्या खाचेत चित्राची पाव इंच कड बसते, म्हणून प्रत्येक बाजूला एक इंच वाढतो आणि बाहेरचं माप २६ × २० होतं. कड दबल्यामुळे दिसणारं चित्र साडेतेवीस × साडेसतरा उरतं. फ्रेम कुठेही करा, चित्राचं, दिसणारं आणि बाहेरचं अशी तिन्ही मापं लिहून घ्या. भिंतीवर जागा लागते ती बाहेरच्या मापाची.

आता मुख्य तक्रार. दुकानात आपण चित्रापासून दोन-अडीच फुटांवर उभे असतो, हॉलमध्ये समोरच्या खुर्चीतून तेच चित्र दहा फुटांवरून बघतो. अंतर चौपट झालं की डोळ्याला रुंदी पावच दिसते. म्हणून दुकानात ‘केवढं वाटतं’ यावर माप ठरवूच नये, ते खालच्या फर्निचरवरून ठरवावं. सोफ्याच्या लांबीच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश, हा आमचा हिशेब. फोटोतला तुमचा तीन जणांचा सोफा ८४ इंचांच्या आसपास दिसतो, म्हणजे वर ५६ ते ६३ इंच रुंदीचं काहीतरी हवं. २६ इंच म्हणजे जेमतेम ३१ टक्के. चित्राचे रंग ‘फिके’ असल्याचंही तुम्ही लिहिलंय, पण आजूबाजूला एवढी पांढरी भिंत मोकळी असली की कुठलंही चित्र फिकंच वाटणार.

दुसरी गोष्ट उंचीची. फोटोत सोफ्याची पाठ आणि फ्रेमची खालची कड यांच्यामध्ये आणखी एक फ्रेम मावेल एवढी जागा आहे. बहुधा जुन्या घड्याळाचा खिळा वापरला गेला असावा (बहुतेक घरांत असंच होतं, भिंतीला नवं भोक पाडायला कोणाचा हात धजत नाही). हे अंतर ६ ते ८ इंच ठेवा. मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर धरतात, पण खाली सोफा असेल तेव्हा आधी हे अंतर पाहायचं.

खर्च करण्यापूर्वी एक करून बघा. पूर्ण उघडलेलं वर्तमानपत्र साधारण तुमच्या फ्रेमएवढं असतं. तशी दोन उघडी वर्तमानपत्रं शेजारी-शेजारी, मध्ये अडीच इंच सोडून, मास्किंग टेपने लावा आणि समोरच्या खुर्चीत बसून बघा. टेप रात्रभर ठेवू नका, डिस्टेंपरचे पोपडे निघतात.

ते पटलं तर आमच्या मते सर्वांत चांगला मार्ग जोडीचा. याच मापाचं दुसरं चित्र घ्यायचं आणि दोन्हींना चारी बाजूंनी दोन इंचांचा माउंट (चित्र आणि फ्रेम यांच्यामधली जाड कागदाची किनार) द्यायचा. प्रत्येक फ्रेम ३० × २४ होते. मधल्या अडीच इंचांसह रुंदी साडेबासष्ट, म्हणजे ७४ टक्के. मधलं अंतर पाच-सहा इंच झालं की जोडी फुटते आणि दोन सुटी चित्रं दिसतात.

हेच चित्र मोठं हवं असेल तर ६० × ४५ चा कॅनव्हास करता येतो. तुमची फाइल २४ इंचांना ३०० डीपीआयची (दर इंचाला ३०० ठिपके) आहे, ६० इंचांना ती १२० वर येते. सात-आठ फुटांवरून कॅनव्हासवर ते चालतं, कागदी प्रिंटवर जवळून कण दिसतील. या मापाला काच आम्ही लावत नाही. २ मिमीची काचच पावणेनऊ किलो भरते आणि एवढ्या आकारात ती धोक्याची असते. मागच्या लाकडी चौकटीला मधली आडपट्टी हवीच, नाहीतर पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो.

टांगताना दोन स्क्रू घ्या, म्हणजे चित्र तिरकं होत नाही. फ्रेमच्या वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचं अंतर मोजा आणि भिंतीवर जिथे ती कड येणार तिच्या तेवढे खाली स्क्रू मारा. तार सैल असताना मोजलं तर माप चुकतं. भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटी ब्लॉकची) असेल तर स्क्रूसाठी भोकात बसवायची साधी गिट्टी फिरत राहते, त्या ब्लॉकसाठी मिळते ती वेगळी गिट्टी घ्यावी लागते.

काहीच नवं घ्यायचं नसेल तर आहे ती फ्रेम दाराजवळच्या ३६ ते ४० इंची चपलांच्या कपाटावर लावा. तिथे ती बरोबर बसते.

राहिले पैसे. पट्टी तुमच्या मापाला कापलेली आहे, ती दुसऱ्या कुठल्या फ्रेमला लागत नाही, म्हणून परतावा होणार नाही. ऑर्डरच्या अर्जावर हे लिहिलेलं आहे आणि तिथे तुमची सही आहे. जोडी करायची ठरवलीत तर पहिल्या चित्राच्या माउंटची मजुरी आम्ही घेणार नाही, नवी पट्टी आणि दुसऱ्या चित्राचे पैसे पडतील. येण्यापूर्वी सोफ्याची लांबी, पाठीची जमिनीपासूनची उंची आणि वर एसी किंवा ट्यूबलाइट असेल तर तिच्या खालच्या कडेची उंची टेपने मोजून पाठवा. आम्ही फोटोवरून धरलेले ८४ इंच त्याने तपासता येतील.