आमची भिंत काळी करून गेले पिक्चरवाले

डोकं नुसतं फिरलंय म्हणून लिहितेय, शुद्धलेखन बघू नका.

दिवाळीआधी आम्ही घर रंगवलं. घर म्हणजे काय, खाली दहा बाय बाराची खोली, वर पत्र्याचा माळा आणि बाहेरून लोखंडी शिडी, धारावीत असतं तसंच. आईने भिशीतून पैसे काढले, पिस्ता कलर तिनेच पसंत केला, समोरच्या अक्काने सांगितलं खालून डार्क पट्टा मारा म्हणजे पाणी उडालं तरी दिसत नाही, तर तो पण मारला. आणि गेल्या आठवड्यात ऑफिसवरून येते तर भिंत काळी. म्हणजे अक्षरशः काळी हो. खाली शेवाळासारखं हिरवं काहीतरी, वर पान खाऊन थुंकल्यासारखे लाल फराटे आणि शिडीला कुणाचे तरी फाटके टॉवेल लटकवलेले. मला वाटलं गटार फुटलं. तेवढ्यात टोपी घातलेला एक पोरगा आला आणि म्हणतो, "ताई टेन्शन नका घेऊ, शूटिंग आहे, झालं की परत रंगवून देतो. भिंत फार फ्रेश दिसत होती ना, रिअल वाटत नव्हती."

रिअल वाटत नव्हती! अरे बाबा ती खरी भिंत आहे, खऱ्या माणसांनी खऱ्या पैशाने रंगवलेली, तिच्याहून रिअल तुला काय पाहिजे??

परवानगी कुणी दिली विचारलं तर नाक्यावरच्या एका भाऊंचं नाव सांगितलं. भाऊंना किती मिळाले ते भाऊ जाणे. आईच्या हातात दोन हजार टेकवले आणि ती बिचारी चहा पाजून मोकळी झाली, कारण कुणीतरी तिला सांगितलं तुमचं घर पिक्चरमध्ये येणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याच्या वेळेला यांचं शूटिंग सुरू. आमच्याकडे पाणी येतं ते दोन-अडीच तास, तेवढ्यात पिंप भरायचं, कपडे, भांडी, सगळं, आणि हे येऊन म्हणतात मोटर बंद करा साउंडमध्ये येतोय. पाइप पण उचला, फ्रेममध्ये येतोय. म्हणजे झोपडपट्टीतल्या जगण्यावर पिक्चर काढतायत आणि झोपडपट्टीतली बाई पाणी भरते ते चालत नाही, का तर त्या वेळेला हिरो गल्लीतून पळणार आहे आणि मागे चार जण चॉपर घेऊन!

हे पळणं एक मला कुणीतरी समजावून सांगा. आमच्या गल्लीत समोरून माणूस आला तर दोघांना तिरकं व्हावं लागतं, मधे झाकण हललेलं गटार, डोक्यावर वायरी, दारात पिंपं, शिड्या, सायकली, बसलेल्या म्हाताऱ्या. जन्मापासून इथे राहतेय, ट्रेन चुकत असली तरी मी गल्लीत पळू शकत नाही, सायन स्टेशनपर्यंत नुसती भरभर चालते. आणि पिक्चरमध्ये बघावं तेव्हा सगळे पळतायत. पोलीस मागे, पोरं पुढे, कोंबड्या उडतायत (कुठल्या कोंबड्या?), सगळीकडे तो पिवळा-मातकट रंग टाकलेला जसं काय आमच्याकडे सूर्य वेगळा उगवतो.

आणि कामाला कोणी जातच नाही हो! पिक्चरमधल्या वस्तीत माणसं नुसती उकिडवी बसलेली तरी, नाहीतर दारू पिऊन बायकोला मारतायत, नाहीतर सुपारी घेतायत. इथे जेमतेम दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये किती धंदे चालतात ते मोजता येणार नाही. पहाटे इडलीवाले अण्णा डबे घेऊन बाहेर पडतात, तुमच्या सोसायटीखाली जो पों पों करत येतो त्यातले कितीतरी इथलेच. कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुंभार मंडळी, दिवाळीच्या आधी पणत्यांचे ढीग बघा एकदा येऊन, भट्टीच्या धुराने डोळे चुरचुरतात ती गोष्ट वेगळी. तेरा कंपाउंडमध्ये तुम्ही टाकलेल्या शाम्पूच्या बाटल्या, तुटक्या बादल्या, सगळं रंगानुसार वेगळं होतं, तुकडे होतात, धुतात, वितळवून दाणा करतात आणि त्याची परत बादली होऊन तुमच्याकडे येते. माझ्या बाबांनी तीस वर्षं चामड्याच्या बॅगा शिवल्या, अंगठ्याचं नख गेलं त्यात. बाबांसारखा माणूस मी अजून एकाही पिक्चरमध्ये पाहिला नाही, आणि मी काय कमी पिक्चर बघत नाही.

स्लमडॉग मिलेनियर आला तेव्हा मी शाळेत होते. २००९ ला आठ ऑस्कर, सगळीकडे जय हो. आणि शाळेत मला काय विचारायचे? त्या सुरुवातीच्या सीनवरून, तो पोरगा अमिताभची सही घ्यायला संडासात उडी मारतो ना, तुमच्याकडे असंच असतं का गं. वर्षभर ऐकलं ते. नावातच कुत्रा घातला म्हणून लोक चिडले तेव्हा टीव्हीवर म्हणत होते यांना कलेतलं काही कळत नाही. त्या पिक्चरमधली दोन छोटी पोरं तर बांद्रा स्टेशनजवळच्या गरीब नगरची होती. फेब्रुवारीत रेड कार्पेटवर फोटो आणि मे महिन्यात दोघांची घरं तोडली. नंतर ट्रस्टमधून घरं-बिरं बघितली त्यांच्यासाठी, ते ठीक आहे, पण मला कायम ते तोडलेलं घरच आठवतं.

सगळेच वाईट असं नाही म्हणत मी. मीरा नायरने १९८८ मध्ये सलाम बॉम्बे केला तर रस्त्यावरच्या पोरांनाच घेऊन केला आणि नंतर त्या पोरांसाठी संस्था काढली जी अजून चालू आहे. गली बॉय, तो धारावीतल्या रॅपर पोराचा पिक्चर, त्यात टूरिस्ट लोक हिरोचं घर बघायला आत शिरतात तो सीन बघून आमची अख्खी रांग हसली होती, कारण आमच्या गल्लीत खरंच असे गोरे लोक येतात आणि म्हाताऱ्या त्यांना बघतात की ते म्हाताऱ्यांना बघतात कळत नाही. पण त्याच पिक्चरनंतर ऑफिसात सहा महिने, तुझ्याकडे रॅप करतात का, तुझ्याकडे रॅप करतात का. ज्या दोन रॅपरवरून तो पिक्चर सुचला त्यातला एक कुर्ल्याचा आणि दुसरा अंधेरीचा आहे हो! माझा भाऊ सीएची परीक्षा देतोय, दिवसरात्र माळ्यावर बसून, त्याच्यावर काढा ना गाणं.

ऑफिस बीकेसीत आहे, त्या मोठमोठ्या कंपन्यांच्या इमारतींत. मिठी नदी ओलांडली की पोचले, पण तिथल्या लोकांना धारावी म्हटलं की वाटतं मी दुसऱ्या ग्रहावरून येते. "तू तिथली वाटत नाहीस" हे मला कॉम्प्लिमेंट म्हणून सांगतात. म्हणजे भिंतही रिअल वाटत नाही आणि मीही नाही. रात्री उशीर झाला की विचारतात सेफ आहे का गं तिथे. अगं, मी अकराला गल्लीत शिरले तर चार मावश्या विचारतात आज उशीर का, जेवलीस का, मला लपून यायचं असतं तरी येता येत नाही.

भाषेचं तर सोडूनच द्या. सगळे ते अपुन-तुपुन, आणि मराठी माणूस म्हणजे एक तर हवालदार नाहीतर भांडी घासणारी बाई. माझी आई साताऱ्याची, पण अक्काशी नळावर भांडण झालं की तमिळमधून भांडते, अक्का मराठीतून उत्तर देते, आणि शेजारची भाभी उर्दूत मिटवते. हे कुठे आहे पिक्चरमध्ये?

मणिरत्नमने १९८७ ला नायकन पिक्चरसाठी धारावी चेन्नईत उभी केली होती, रजनीच्या कालासाठीही धारावीचा मोठा सेट चेन्नईतच. आधी मला याचा राग यायचा, आता वाटतं तेच बरं, निदान कुणाच्या आईची भिंत तरी काळी केली नाही. आणि कालातली माणसं निदान जमिनीबद्दल बोलतात, ही जागा आमची म्हणतात.

कारण खरी भानगड ती आहे ना. इथे सध्या पुनर्विकास, १ जानेवारी २००० च्या आधीचे कागद दाखवा, कोण पात्र कोण अपात्र, माळ्यावरच्यांचं काय, कुणाला इथेच घर आणि कुणाला मुलुंड-देवनारकडे पाठवणार, घराघरात तेच चाललंय. आणि बाहेर कुणाशी बोलायला जावं तर म्हणतात बरंच आहे की तुटलं तर, त्या घाणीतून सुटाल. घाण कुठे बघितलीस रे तू? कधी आलायस? पिक्चरमध्येच बघितलीस ना?

शूटिंग संपून आता पाच दिवस झाले. टोपीवाला फोन उचलत नाही, नाक्यावरचे भाऊ म्हणतात बघतो, पेंटर सहा हजार सांगतोय. तो हिरवा रंग घासला तर खालचा पिस्ता पण निघून येतो, मी स्वतः ब्रश घेऊन बघितलं. आई अजून म्हणतेय पिक्चर लागला की सगळे मिळून जाऊ, आपली भिंत दिसेल. तिला कसं सांगू, आपली नाही दिसणार आई, त्यांनी केलेली दिसेल.